तानाबाईच्या कुत्रीची बोली

तानाबाईचा आवाज लहान होता. ती अबोल होती असं मात्र नाही. चुलीपाशी, विहिरीवर, वावरात तिचं बोलणं सुरूच असायचं. पण वाक्य अर्ध्यावर पोचलं की त्यातला जीव कमी व्हायचा आणि शेवटचे शब्द ओठांतच राहायचे. त्यामुळं सावरखेड्यात सगळ्यांना एक सवय लागून गेली होती. तानाबाई काही बोलली की समोरचा विचारायचा, काय म्हनलं? ती म्हणायची, काई नाई. आणि ती गोष्ट तिथंच मिटायची.

नवरा किसनराव नेमके उलट. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहून त्यांनी आपल्या बैलाला हाक मारली की नाल्यापलीकडच्या वावरातला दुसऱ्याचा बैलही मान वर करायचा. माणूस वाईट नव्हता. बायकोला ते कधी टाकून बोलले नाहीत, बाजारातून येताना तिच्यासाठी आठवणीनं चिवडा आणायचे. फक्त तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांचं सुरू झालेलं असायचं. दोन्ही मुली लग्न होऊन पुसद-दिग्रसकडं गेल्या, आणि घरात बोलणारा एक आणि ऐकणारी एक, एवढंच उरलं.

महागावच्या बाजारापासून बैलबंडीनं थोड्या वाटेवर त्यांचं वावर होतं. कापूस फुटायला लागला की नवरा-बायको गावातलं घर बंद करून वावरातल्या गुरांच्या कोठ्याशेजारच्या खोलीत मुक्काम हलवायची. एकीकडं कापसाचा ढीग, दुसरीकडं तूर, आणि दोन्हीवर टपलेले रोही न् रानडुकरं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आसपासच्या वर्षांतली ही गोष्ट.

वेचणीला नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाया यायच्या. त्यांच्यात पुढं असायची लालीबाई. उंच, काटक, हातात कोपरापर्यंत बांगड्या, घागऱ्यावरची भिंगं उन्हात चमकायची. कापसाच्या झाडांच्या ओळीत, पऱ्हाटीच्या तासात ती शिरली की लांबून कळायचं लालीबाई कुठं आहे. तानाबाईचं आणि तिचं जमायचं. कारण साधं होतं. लालीबाई वेचता वेचता थांबून तानाबाईच्या तोंडाकडं बघायची, आणि वाक्य संपेपर्यंत बघतच राहायची. त्या वर्षी ती वेचणीला आली तेव्हा तिच्या ओढणीच्या झोळीत काहीतरी वळवळत होतं. तिनं ते तानाबाईच्या पुढ्यात सोडलं. भुऱ्या रंगाचं कुत्रीचं पिलू. कपाळावर पांढरा ठिपका, थेट कवडीसारखा लांबट. तांड्यातल्या कुत्रीनं पिलं दिली होती, त्यातलं हे सगळ्यात वाह्यात, असं लालीबाईनं आधीच सांगून टाकलं.

तानाबाईनं त्या पिलाला उचललं. पिलानं तिच्या हनुवटीला चाटलं, मग बांगडी चावली, मग पदर. तेवढ्यावर ठरलं. नावही तिथंच पडलं, कवडी.

किसनराव हसले. कुत्रं पाळायला त्यांची ना नव्हती, राखणीला हवंच होतं. पण ही पाळणार कोण, तर तानाबाई, याचं त्यांना हसू आलं.

"तुह्यं तर कोंबडीबी आयकत नाई," ते म्हणाले. "कुत्रं काय आयकन?"

तानाबाई काहीतरी म्हणाली. काय म्हनलं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काई नाई.

पहिले काही दिवस किसनरावांचंच खरं ठरलं. कवडीनं कापसाच्या ढिगात बीळ केलं आणि आत जाऊन झोपली. काढली तेव्हा ती एवढीशी पांढरी मेंढी दिसत होती. तिनं किसनरावांची एक चप्पल नेऊन तुरीच्या तासात लपवली, ती पुढं तूर कापताना सापडली. दोरीवरचं लुगडं ओढून वासराच्या पायात घातलं. वासरू बुजलं, दोरी तुटली, आणि वासरू, लुगडं आणि कवडी असे तिघं मिळून अर्धं वावर फिरून आले. किसनराव ओरडले की पिलू जागच्या जागी लोळण घ्यायचं आणि मुतायचं. ऐकायचं मात्र नाही. तानाबाई तिच्या मागं वाकून चालत राहायची. ये गं, ये न गं बाई, ये न माय माही, अशी तिची आळवणी चालायची. कवडीला तो खेळच वाटायचा. ती दोन उड्या पुढं जायची, वळून बघायची, शेपूट हलवायची, आणि तानाबाई जवळ आली की पुन्हा दोन उड्या.

लालीबाई हे वेचता वेचता बघत होती. एके दिवशी दुपारी भाकर सोडायला सगळ्या बाया लिंबाखाली बसल्या, तेव्हा तिनं तानाबाईला बाजूला घेतलं.

"तू तिले बलावत नाईस बाई," ती म्हणाली. "तू तिच्या पाया पडून राह्यली."

तानाबाईला ते लागलं, पण खोटं म्हणता येईना. लालीबाई मग समजावून सांगू लागली. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायचा. मोटारी आल्या, सडका झाल्या, तो धंदा गेला आणि तांडे जागोजागी बसले. पण आज्याचा कुत्रा लालीबाईनं लहानपणी पाहिला होता. गोण्यांचा ढीग लावून एक शब्द सांगितला की तो कुत्रा दिवसभर त्या ढिगाशी बसायचा. मटण दाखवलं तरी उठायचा नाही. आज्यानं त्याला कधी मारलं नाही की कधी विनवलं नाही. शब्द एकदाच सांगायचा आणि थांबायचं. दुसऱ्यांदा सांगितलं की कुत्र्याला कळतं, पहिला शब्द फुकटचा होता.

थांबायचं, हे तानाबाईला पटलं. आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

त्याच संध्याकाळी तिनं सुरुवात केली. भाकरीचा तुकडा चिमटीत धरून कवडीच्या नाकापुढं नेला आणि हळूच डोक्यावरून मागं सरकवला. कवडीनं नाक वर केलं, आणखी वर केलं, आणि तोल सांभाळता सांभाळता तिचं ढुंगण भुईला टेकलं. नेमक्या त्या क्षणाला तानाबाई म्हणाली, बस. आणि तुकडा दिला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. दोन दिवसांत कवडी चिमटी बघूनच बसायला लागली आणि मग नुसत्या शब्दावर.

पण इथंच घोटाळा झाला. किसनराव जेवायला बसले, तानाबाईनं ताटात आणखी वरण ओतलं, किसनराव हात आडवा धरून म्हणाले, बस, बस. कवडी कोपऱ्यातून आली आणि त्यांच्यासमोर ताठ बसली. तुकडा काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी किसनराव बस म्हणाले तेव्हा तिनं कानसुद्धा हलवला नाही, आणि थोड्या वेळानं तानाबाई म्हणाली तेव्हाही नाही. ‘ये’चं तर विचारूच नका. घरात दिवसभर कोण कुणाला ये म्हणत असतं याची मोजदादच नव्हती. ते पिलू आधी प्रत्येक हाकेला धावलं, मग कुठल्याच हाकेला धावेना.

तानाबाईनं हे लालीबाईला सांगितलं. लालीबाईनं भाकरीवरची चटणी बोटानं सारखी करत विचार केला आणि म्हणाली, मग आमचे शब्द घे. तुमच्या घरात ते कोण बोलतं?

असे कवडीला तांड्याचे शब्द आले. बसायला बेस. जवळ बोलवायला आव. आणि जिथं असशील तिथं थांब, याला उबी रे. लालीबाईनं ते शब्द तानाबाईकडून वदवून घेतले. वेचणीच्या बाया तासातासांतून डोकी वर काढून तिचे उच्चार सुधारत होत्या. तानाबाईचं उबी रे इतकं मऊ यायचं की एक म्हातारी म्हणाली, असं म्हटल्यावर कुत्री थांबायची नाही, झोपेल.

पण त्या शब्दांची एक गंमत होती. ते तानाबाईचे नव्हते. ज्या शब्दांत ती जन्मभर अर्ध्यावर थांबत आली होती, त्यातले हे नव्हते. शिवाय ते एवढेसे होते की मध्येच विरायला जागाच नव्हती. बेस म्हणायचं तर अख्खं म्हणावं लागे.

रोज वेचणी आटोपली, बाया तांड्याकडं निघाल्या की ती कवडीला घेऊन धुऱ्यावर जायची. आधी बेस. मग उबी रे म्हणून एक पाऊल मागं. कवडी उठली तर रागवायचं नाही, तुकडाही द्यायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून. पाऊल वाढत गेलं. पुढं पुढं तानाबाई पऱ्हाटीच्या आड जाऊन उभी राहायची आणि फटीतून बघायची. कवडी धुऱ्यावर एकटी बसलेली, अंग थरथरतंय, नाक तिच्या दिशेनं, पण ढुंगण भुईला. मग तानाबाई तासाच्या टोकाला जाऊन उकिडवी बसायची, दोन्ही हात पसरायची आणि एकदाच म्हणायची, आव. भुरा गोळा पऱ्हाटी हलवत यायचा आणि तिच्या छातीवर आदळायचा. पहिल्यांदा हे साधलं तेव्हा ती मागच्या मागं पडली, आणि पडल्या पडल्या हसायला लागली. ते हसणं एवढं मोठं होतं की कोठ्यात बैलांना पेंड घालणारे किसनराव काय झालं म्हणून बाहेर आले. तानाबाई मातीत उताणी पडलेली, कुत्री तिच्या पोटावर उभी. त्यांनी विचारलं, पडली काय? ती हसतच राहिली. या वेळी तिनं ‘काई नाई’ म्हटलं नाही. ती म्हणाली, "आयकलं तिनं. माह्यं आयकलं."

एक दिवस मात्र तिनं स्वतःच सगळ्यावर पाणी फिरवलं. मोठी मुलगी माहेरी येणार होती म्हणून तिनं तुपात तळून अनारसे केले होते. दुरडीत ठेवून ती पाणी आणायला गेली. परत आली तर दुरडी आडवी आणि कवडी अंगणाच्या पार टोकाला, तोंडाला खसखस. तानाबाईनं हाक मारली, आव. कवडी आनंदानं धावत आली. आणि तानाबाईनं तिच्या पाठीत एक चापट ठेवून दिली.

चापट काही जोराची नव्हती. पण कवडीनं तिच्याकडं जे बघितलं, ते तानाबाईला त्या रात्रभर पुरलं. दुसऱ्या दिवशी आव म्हटलं की कुत्री जागच्या जागी बसायची, कान मागं टाकायची, आणि येत नसे. लालीबाईनं ऐकून घेतलं आणि नुसती मान हलवली. म्हणाली, तिनं चोरी केली तवा तू नव्हती. तू बलावलं, ते आली, तूच मारलं. मग तिनं काय शिकलं?

तानाबाईनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. आव म्हणायचं सोडून दिलं. नुसती तासात जाऊन बसायची, पाठ कवडीकडं करून, मांडीवर भाकरीचा तुकडा. किती वेळ जाईल त्याचा हिशोब नाही. कधीतरी मागून श्वास ऐकू यायचा, मग ओलं नाक कोपराला लागायचं. ती वळायची नाही. तुकडा हातानं मागं करायची. बरेच दिवस असे गेल्यावर एका सांजेला, कवडी तिच्याकडं यायला निघालीच होती तेव्हा, तिनं हळूच शब्द म्हटला, आव. शब्द आणि येणं एकत्र आलं. कवडी दचकली नाही. त्या दिवसानंतर तानाबाईनं त्या कुत्रीवरच काय, कोंबडीवरसुद्धा हात टाकला नाही.

मध्यंतरी किसनरावांचाही एक प्रश्न होऊन बसला होता. त्यांना काही पटलं की ते बेस म्हणायचे. बेस झालं, बेस हाये, बेस केलं. जन्माची सवय. आता त्यांनी बेस म्हटलं की कवडी येऊन बसायची. आधी ते वैतागले. मग एक दिवस मुलीचे सासरे वामनराव आले होते, बाहेर बाजेवर बसून दोघांचं पिकापाण्याचं चाललं होतं. वामनराव म्हणाले, औंदा कापूस चांगला उतरला. किसनराव म्हणाले, बेस उतरला. कवडी पुढ्यात येऊन बसली. वामनराव म्हणाले, कुत्री मोठी हुशार हाये. किसनराव म्हणाले, बेस हाये. कवडी बसलेलीच होती, ती आणखी ताठ झाली. वामनरावांना वाटलं, व्याह्यांनी शिकवलेली आहे. किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. आत चहा करत असलेली तानाबाई हे ऐकत होती. ती कपबश्या घेऊन बाहेर आली, बाजेपाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी शिकवली तिले."

वामनरावांनी दोन्ही हात जोडले. किसनराव म्हणाले, हो, तिनंच शिकवली. आणि मग थोडं थांबून, स्वतःशीच म्हटल्यासारखं, बेस शिकवली. कवडी पुन्हा बसायला गेली, पण ती आधीच बसलेली असल्यानं नुसती ढुंगण घासून राहिली. दोन्ही व्याही पोट धरून हसले.

होळीला लालीबाईनं तानाबाईला तांड्यात बोलावलं. कवडीला घेऊन ये, म्हणाली, तिच्या मायला भेटू दे. धुळवडीच्या दिवशी सकाळी किसनरावांनी बंडी जुंपली. तानाबाई नवं लुगडं नेसून मागं बसली आणि कवडी तिच्या मांडीपाशी. आता ती पिलू राहिली नव्हती. पाय लांब झाले होते, छाती भरली होती, कपाळावरचा ठिपका तेवढा तसाच होता.

तांडा रंगात बुडालेला होता. डफ वाजत होते, बाया गोल धरून नाचत होत्या, पळसाच्या फुलांचं पाणी घंगाळात भरून ठेवलेलं होतं. लालीबाईचा नवरा देवसिंग तांड्याचा प्रमुख, नायक होता. पागोटं सांभाळत तो सामोरा आला आणि पाहुण्यांचं स्वागत करताना मोठ्यानं म्हणाला, आव, आव.

कवडी बंडीतून उडी मारून त्याच्या अंगावर गेली. देवसिंग दोन पावलं मागं सरकला. कुणीतरी बाज पुढं ओढली आणि तानाबाईला म्हटलं, बेस. कवडी बसली. दुसऱ्या बाजूनं एक म्हातारी लालीबाईच्या सुनेला आव म्हणाली. कवडी तिच्याकडं धावली. म्हातारीनं सुनेला म्हटलं, बेस. कवडी बसली. एवढं झाल्यावर हे पहिल्यांदा लालीबाईच्या ध्यानात आलं. तिनं तोंडाला ओढणी लावली आणि खाली वाकून हसू लागली. कसंबसं तिनं सगळ्यांना सांगितलं की ही कुत्री कुणब्याच्या घरातली, पण बोली आपली शिकलेली आहे. मग काय. डफ थांबले. अख्खा तांडा कवडीभोवती गोळा झाला. चारी बाजूंनी आव आणि बेस सुरू झालं. कवडी इकडं धावायची, बसायची, तिकडं धावायची, बसायची. बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होत्या. देवसिंगचं पागोटं सुटलं. किसनराव बंडीजवळ उभे राहून डोळे पुसत होते.

तानाबाईलाही हसू आवरेना. पण हसता हसता तिचं लक्ष कवडीच्या जिभेकडं गेलं. ती लांब लोंबत होती आणि डोळे भिरभिरले होते. कुणाचं ऐकावं हे त्या जिवाला कळेना झालं होतं. आता पुरं, असं म्हणायला तानाबाई उठलीच, आणि तेवढ्यात कवडी त्या कोंडाळ्यातून निसटली. मोकळी वाट दिसली तिकडं पळत सुटली. तांड्याच्या कडेला बाभळीखाली एक गाय नुकत्याच झालेल्या वासराला चाटत उभी होती. कवडीला वासराबरोबर खेळायची जुनी खोड. ती थेट वासरावर निघाली. गाईनं मान खाली घातली आणि शिंगं रोखली.

सगळे एकदम ओरडले. आव, आव, असं तांडा ओरडत होता. ये, ये, असं किसनराव. त्या गलक्यात कवडीला काही कळायचं कारणच नव्हतं. तानाबाई धावली नाही. धावून पोचण्यासारखं नव्हतंच. तिनं पाय रोवले, श्वास घेतला आणि एकदाच हाक दिली.

"कवडी, उबी रे."

तो आवाज तिचा आहे हे किसनरावांना क्षणभर कळलं नाही. आवाज फार चढा नव्हता. पण त्यातला प्रत्येक शब्द शेवटपर्यंत पोचला. गलका तोडल्यासारखा थांबला. कवडी जिथं होती तिथं थिजली, पुढचा एक पाय उचललेलाच. गंमत म्हणजे बंडीकडून धावत निघालेले किसनरावही थबकले, आणि नाचणाऱ्या बायांतल्या दोघी-चौघीही.

गाय पुढं आली. शिंगं खालीच होती. कवडी हलली नाही. गाईनं तिला हुंगलं, फुर्र करून तिच्या तोंडावर श्वास सोडला आणि वासराकडं परत वळली. तेव्हा तानाबाई उकिडवी बसली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, आव. कवडी आली. तानाबाईनं तिला पदरात घेतलं. लालीबाई शेजारी येऊन बसली. तिनं पळसाच्या रंगात बुडवलेला हात आधी कवडीच्या पाठीवर आणि मग तानाबाईच्या गालावर ओढला. डफ पुन्हा सुरू झाले. बायांनी तानाबाईला ओढून गोलात घेतलं. नाच तिला येत नव्हता, तरी ती नाचली.

ती गोष्ट शिवारभर झाली. पुढच्या काही वर्षांत कुणाचं ना कुणाचं पिलू घेऊन माणसं वावरात यायला लागली. तानाबाई कुणाला नाही म्हणायची नाही. पण पिलाआधी ती आलेल्या माणसालाच शब्द म्हणून दाखवायला लावायची. जो तीन-तीनदा म्हणायचा त्याला म्हणायची, पिलू ठीक हाये, तुम्हीच शिकून या. मोठमोठी माणसं ते ऐकून घ्यायची. पुंडलिकराव पाटलांना तर तिनं चार संध्याकाळी धुऱ्यावर उभं केलं, कारण त्यांना हाक मारताना शिवी दिल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि कुत्र्याला वाटायचं शिवी हेच आपलं नाव.

घरातही थोडं वेगळं झालं. तानाबाई आता सांगायची ते एकदाच सांगायची आणि थांबायची. आठवडी बाजाराच्या दिवशी मी येते म्हणाली. किसनरावांनी नेहमीसारखं आपलं काहीतरी सुरू केलं. ती थांबून राहिली. त्यांचं बोलणं संपलं, ती तशीच उभी. किसनरावांनी बंडीत तिच्यासाठी कडब्यावर घोंगडी अंथरली. त्या दिवसापासून महागावच्या बाजाराला बंडीत तिघं जायला लागली.

कवडीला पिलं झाली तेव्हा लालीबाई पहिल्यांदा बघायला आली. एक काळं पिलू तिनं उचललं आणि म्हणाली, हे मले पाह्यजे, पण शिकवून देजो. तानाबाई म्हणाली, शिकवायचं त तूच शिकव, शब्द तर तुह्येच हायेत. लालीबाई म्हणाली, आमच्या घरात दिवसभर आव न् बेस चालू असते, ते कसं शिकन? तुह्ये शब्द दे. म्हणून ते काळं पिलू सावरखेड्याच्या वावरात ये, बस, थांब शिकलं आणि तांड्यात गेलं. तांड्यातल्या पोरासोरांना मग त्याच्यामागं हिंडत मराठीत हुकूम सोडायचा नाद लागला. देवसिंगच्या म्हाताऱ्या आईला मराठीचा एक शब्द येत नव्हता, तीही त्याला दमात घेऊन थांब म्हणायला शिकली.

उरलेली पिलं मोठी झाली तशी कुणी कुणी घेऊन गेलं. शेवटचं एक राहिलं, आईसारखंच भुरं आणि आईपेक्षा वाह्यात. त्या वर्षीची वेचणी सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी त्यानं लालीबाईची ओढणी पळवली. लालीबाई तासातून ओरडत मागं धावली. लिंबाखाली लवंडलेले किसनराव उठून बसले आणि त्यांनी आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात पिलाला हाक मारायला तोंड उघडलं. तानाबाईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. किसनरावांनी तोंड मिटलं, बुंध्याशी ठेवलेल्या दुरडीतून भाकरीचा एक तुकडा मोडून घेतला आणि गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, पऱ्हाटीच्या तासात उकिडवे जाऊन बसले.